पॅसेंजरच्या बंद खिडकीचं प्रकरण

आदिलाबाद स्टेशनच्या रेल्वे पोलीस चौकीत असतानाची ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. पॅसेंजर आली आणि एका रक्तबंबाळ बाईला डब्यातून उतरवलं गेलं. तलमडुगूकडची तरुण विधवा, सोबत तिचा दीर. बाहेरून दगड आला, असं दिराचं म्हणणं. चिडलेल्या प्रवाशांनी साखळी ओढून रुळाकाठी शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याला धरूनही आणलं होतं. तो नुसते हात जोडत होता. त्याला चौकीत बसवलं, बाईला सरकारी दवाखान्यात पाठवलं.

गर्दी पांगल्यावर त्याच डब्यातून आलेली एक भाजीवाली माझ्याजवळ थांबली. हळूच म्हणाली, "साहेब, ते दोघं बसल्यापासून भांडून राह्यले होते. दगडाचा आवाज आमी काई ऐकला नाई."

गाडी परतीला निघण्याआधी पंचनामा व्हायला हवा होता. दोन पंच आणि दिराला घेऊन मी डब्यात चढलो. बाई कुठे बसली होती, विचारलं. त्याने बेधडक खिडकी दाखवली. तिचं शटर खाली होतं. उघडायला सांगितलं, तर दोन्ही हातांनी ओढूनही ते हललं नाही. गंजून बसलं होतं. मग दगड पलीकडच्या खिडकीतून आला असेल, असं तो म्हणू लागला. मी त्याला बोलू दिलं. खोटं बोलणाऱ्याला मध्ये अडवू नये, तो स्वतःच जबाब बदलत जातो. बाकाखाली स्टीलचा जेवणाचा डबा सापडला. काठ चेपलेला, त्यावर रक्त. मी दिराला ताब्यात घेतलं.

फलाटावर बाई दिराच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावत होती. दवाखान्यात महिला शिपायासमोर मी तिला सांगितलं, तो आमच्या ताब्यात आहे, इथे येणार नाही. तिने पुन्हा विचारून खात्री केली. मग म्हणाली, "शेत नावावर कर म्हणे. रजिस्ट्रीले नेऊन राह्यला होता. मी नाई म्हटलं, तं डबाच हाणला डोक्यात."

म्हाताऱ्याला तेव्हाच सोडलं आणि वाटेत कुणी हात लावू नये म्हणून सोबत शिपाई दिला. दिरावर गुन्हा दाखल झाला, पुढे शिक्षाही झाली. शेत बाईकडेच राहिलं. कोर्टात दिराच्या वकिलाने तिला विचारलं होतं, हा जबाब कुणी शिकवला? ती शांतपणे म्हणाली, "मार मले बसला, तं मीच सांगीन ना."

नंतर हाताखाली आलेल्या प्रत्येक शिपायाला मी एकच गोष्ट बजावली. जखमी माणसाला कुणी आणलं ते आधी बघा, आणणाऱ्याला बाहेर बसवा आणि मगच जखमीचा जबाब घ्या.