दत्ताच्या जीपचं बुश

हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. बायकोपुढं नाही, देवापुढंही नाही. आणि आज बोलतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही. माझाच मला संताप येतो — कुसगावातल्या माझ्या गॅरेजचं शटर वर करताना रोज येतो.

कान्हे गावच्या गौतमचं नाव मी घालवलं. त्याचं लेथचं, म्हणजे धातू कातून भाग घडवायचं दुकान होतं. गाड्यांच्या कामातले आम्ही सगळे त्याच्याकडंच जायचो. होतं म्हणतोय. आता नाही.

माझा चुलतभाऊ दत्ता पर्यटकांना जीपमधून पवना धरणाकडं फिरवतो. जीपचं इंजिन गेलं, तेव्हा त्यानं नंतरच्या बनावटीचं, दुसऱ्याच गाडीचं इंजिन उचलून आणलं. गिअरबॉक्स मात्र जुनाच ठेव म्हणाला. आता जुन्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक बारीक, नव्या इंजिनाचं भोक मोठं. मधे बुश, म्हणजे धातूची नळकांडी, नसेल तर शाफ्ट थरथरणार. ते गनमेटलचं बुश गौतमनं करून दिलं. देताना एवढंच म्हणाला, "भाऊ, लाकडाचा ठोकळा ठिवून ठोका. हातोडी थेट मारू नका."

हा मला शिकवतो? — हेच आलं मनात. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आलं असतं का? तुम्हीच सांगा ना!

दिवाळीनंतर चढाला गिअर सुटला. ब्रेक लागेपर्यंत जीप मागं घसरत चरात गेली. पर्यटकांचं खरचटण्यावर निभावलं, दत्ताचा हात मोडला. गळ्यात हात बांधून तो गॅरेजवर आला, मागं सगळी भावकी. गिअर सुटलाच कसा, बुश कुणी केलं होतं, म्हणून विचारलं.

मी म्हणालो, गौतमनं. माप ढिलं निघालं.

"तरी म्हनत व्हतो," दत्ताचे थोरले भाऊ म्हणाले, "त्या लोकांच्या हातात काम कशाला देतो!"

आणि मी — मी मान हलवली! थू माझ्या जिनगानीवर. भावकीतल्या कुणाचं नाव घेतलं असतं, तर 'आधी बुश दाखव' म्हणाले असते. इथं पुरावा लागलाच नाही. त्यांना ते आधीपासूनच ऐकायचं होतं. ते मला चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच मी बोललो.

गौतम मात्र आला. "बुश दावा भाऊ. माझं काम मला वळकतं."

भंगारात गेलं, म्हणालो. तो आल्या वाटेनं गेला. त्याच्याकडं कामं यायची थांबली. शेवटी त्यानं मशीन विकलं. आता एका कंपनीत कंत्राटी कामगार आहे, दुसऱ्यांच्या गाड्यांत माल चढवतो.

खरं काय झालं होतं? खंडेनवमी होती. दत्ताला दसऱ्याला जीपला हार घालायचाच होता. माझी हत्यारं पूजेला मांडायची राहिलेली. घाईत मी हातोडी थेट मारली. बुश तडकलं, दोन तुकडे. दुसरं करून घ्यावं, तर गौतम दीक्षाभूमीला नागपूरला गेलेला, आणि लोणावळ्यातली सगळी लेथ मशीनं हळदकुंकू लावून बंद. त्या दिवशी यंत्राला कोण हात लावतं? मी बुशाशिवायच गिअरबॉक्स चढवला. चालतंय की, म्हटलं. दसऱ्यानंतर नीट करू. दसऱ्यानंतर जीप धंद्याला लागली आणि मी गप्प बसलो.

तुकडे भंगारात नव्हते. गौतम समोर उभा होता, तेव्हा माझ्या खणात होते.

नंतर जीप दुरुस्त करताना तेच तुकडे नमुना म्हणून घेऊन मी लोणावळ्याच्या एका लेथवाल्या टर्नरकडं गेलो. त्यानं ते जुळवले, माप घेतलं, आणि हसला. "माप एकदम बरोबर हाय. कुणा येड्यानं हातोडी मारून फोडलंय. केलंय कुणी हे? हात लय साफ हाय."

मी म्हणालो, "ठाऊक न्हाई."