बरणीतले तीन दिवस

३ फेब्रुवारी. काम : काचेची बरणी धुणे आणि तिच्यावरची चिठ्ठी खरवडून काढणे.

चिठ्ठी निघत नव्हती. डिंक मीच लावला होता आणि सढळ हाताने लावला होता. बरणी कोमट पाण्यात ठेवून मी ब्लेड चालवत होते. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘टाकलं : १४ जाने.’ ती तारीख मला गॅरेजमध्ये नको होती.

डोणगावात मेहकर रस्त्याला आमचं गॅरेज आहे. वडिलांनंतर मीच चालवते. जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर दुरुस्त करणारे आता फारसे उरले नाहीत, म्हणून लांबून गाड्या येतात. हे काम मला उस्तादांनी शिकवलं. ते वडिलांच्या वेळचे मिस्त्री. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फेब्रुवारीत ऑपरेशन ठरलं होतं. “एकदा डोया साफ झाला का पाह्यजो,” ते म्हणायचे, “अजून धा वर्षं हालत नाही मी इथून.”

डिसेंबरात बुलढाण्याचे एक वकील त्यांची शर्यतीची गाडी घेऊन आले. जुनी, हलकी, आतून सगळं काढून टाकलेली, मातीवर पळवायची गाडी. त्यांना ती निव्वळ इथेनॉलवर चालवायची होती. थंड जळतं, दाब जास्त सहन करतं, ताकद वाढते, हे त्यांनी वाचलेलं होतं आणि ते खरंही आहे. पण पेट्रोलच्या जवळपास दीडपट लागतं. त्यामुळे कार्बोरेटरमधून इंधन सोडणाऱ्या जेटचं भोक मोठं करावं लागतं. ते मी केलं. बारीक ड्रिल बोटांत धरून, हळूहळू फिरवत, मोजत. तीन जेट वाया घालवले, चौथा जमला. त्या कामाची मला आजही लाज नाही.

दुसरी अडचण रबराची. इथेनॉलमध्ये काही रबर फुगतं. कार्बोरेटरच्या वाटीत एक फ्लोट तरंगतो. वाटी भरली की तो वर येऊन एक सुई दाबतो आणि इंधन बंद करतो. त्या सुईचं टोक रबराचं असतं. ते फुगून मऊ पडलं तर इंधन थांबत नाही, वाटी भरून वाहते आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो.

उस्तादांचा नियम असा की नव्या इंधनात जाणारं कुठलंही रबर आधी त्याच इंधनात आठ दिवस बरणीत ठेवायचं. आधी मोजायचं, नंतर मोजायचं. “लोणचं आन् रबर,” ते म्हणत, “मुरू दे. घाई केली का दोन्ही नासते.”

नवी सुई संक्रांतीच्या दिवशी कुरिअरने आली. तिच्यासोबत तशीच एक जादा मागवली होती, ती मोजून मी इथेनॉलच्या बरणीत टाकली आणि चिठ्ठी लावली. तिसऱ्या दिवशी वकील आले. रविवारी त्यांचे मित्र गाडी बघायला येणार होते.

“आठ दिवस?” ते म्हणाले. “ताई, रबर हाये का बाळंतीण, एवढी कोंडून ठेवता?”

गॅरेजमधले सगळे हसले. मीही हसले. मग मी सुई बाहेर काढून मोजली. फरक नव्हता. तीन दिवसांत नाही फुगली तर आठ दिवसांत काय फुगणार, असं मी स्वतःला सांगितलं. हे मला शिकवलेलं नव्हतं. मी ते त्या क्षणी सोयीने तयार केलं.

सुई बसवायला आणि फ्लोटची उंची लावायला उस्तादच लागायचे. ते त्यासाठी स्वतः कापलेली पितळी पट्टी वापरायचे. डोळ्यांपेक्षा बोटांनी बघायचे. त्या संध्याकाळी आले, बसले आणि बरणी माझ्यापुढे सरकवली.

“तारीख वाच व माय. मले दिसत नाही.”

मी बरणी हातात घेतली आणि म्हणाले, “नऊ जानेवारी.”

त्यांनी बोटांवर मोजलं. “झाले आठ,” म्हणाले आणि कामाला लागले.

रविवारी गावाबाहेरच्या पडीक वावरात गाडी पळाली. पहिल्या दोन फेऱ्या झकास. तिसऱ्या फेरीनंतर ती अडखळत थांबली. गोडसर, उग्र वास सुटला. वकिलांनी बॉनेट उघडलं. धूर नाही, ज्वाळा नाही. इथेनॉलची ज्वाळा भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही. मला ते माहीत होतं, पण मी ओरडेपर्यंत त्यांनी हात आत घातला होता. तळहाताची साल निघाली. आम्ही ओली पोती टाकली, पाणी ओतलं, आग विझली. हात पंधरा दिवसांत भरून आला. गाडीचं फारसं नुकसान झालं नाही.

गॅरेजमध्ये कार्बोरेटर मीच उघडला. इंजिनाच्या उष्णतेत सुईचं टोक एका दिवसात भिजवलेल्या हरभऱ्यासारखं झालं होतं, नखाने दबत होतं. फ्लोट पट्टीने मोजला. तो जिथे असायला हवा तिथेच होता, तसूभरही इकडेतिकडे नाही. वकील हाताला फडकं गुंडाळून दारात उभे होते. उस्ताद स्टुलावर.

“काय निघालं?” वकिलांनी विचारलं.

सुई मी मुठीत धरली आणि म्हणाले, “फ्लोट जरा खालीवर झाला असेल.”

“उस्तादचे डोये गेले, ताई,” वकील म्हणाले. रागाने नाही, समजुतीने. “बसू द्या आता त्याईले घरी.”

उस्तादांनी कोणाकडेच पाहिलं नाही. “हाव,” म्हणाले. “झालं असन.”

मी सुई एप्रनच्या खिशात टाकली. बरणी फडताळावर मागे सारली. त्यानंतर उस्ताद आले नाहीत आणि मी त्यांना बोलावलं नाही. सोळा दिवस मी हे असंच चालू दिलं. कामं होती, असं म्हणता येईल. नव्हती.

तर ३ फेब्रुवारीला मी चिठ्ठी खरवडत असताना उस्ताद दारात आले. हातात बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा.

“जय भीम, उस्ताद,” मी म्हणाले आणि बरणी पाण्यात दाबली.

“जय भीम. हे ठेव तुह्याजवळ.” डब्यात पितळी पट्टी, बारीक ड्रिल, त्यांची सगळी मापं होती. “मले काय कराची आता.”

“ऑपरेशनची तारीख कधी आहे?”

“नाही करत. पोराले सांगतलं नको म्हणून. ऑपरेशन कराचं कशासाठी? टीव्ही पाह्याले दिसते तेवढं.”

तेव्हा सांगायला हवं होतं. बरणी माझ्या हाताखाली होती आणि चिठ्ठी अजून अर्धी शिल्लक होती. मी डबा घेतला. “चहा घेता?” असंही विचारलं. ते नको म्हणाले आणि हाताने भिंत चाचपत पायरी उतरले. माझ्या वडिलांच्या हाताखाली असताना ज्या पायरीवरून ते उड्या मारत चढायचे, ती पायरी.

मी ब्लेड ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडलंच नाही. बरणी, सुई आणि डबा पिशवीत घालून उस्तादांच्या घरी गेले. ते अंगणात बाजेवर बसले होते. मी फुगलेली सुई त्यांच्या बोटांत दिली. त्यांनी टोक दाबून पाहिलं. मग बरणी मागितली.

“वाच.”

“चौदा जानेवारी.”

त्यांनी बोटांवर मोजलं. त्यांना वेळ लागला नाही. “तीन,” म्हणाले. मग बरणी खाली ठेवली. “आन् फ्लोट?”

“बरोबर होता. मी मोजला होता.”

“मोजला होता,” ते म्हणाले. “वकिलाले सांगतलं?”

“नाही.”

“मंग मले काऊन सांगून राह्यली पहिले? त्याले सांगाचं पहिले. मी काय तुले सोडून जाणार होतो कुठं?”

मी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. वकील कोर्टात निघाले असावेत, मागे हॉर्न वाजत होते. मी म्हणाले, “फ्लोट बरोबर होता. रबर मी तीनच दिवस ठेवलं होतं आणि उस्तादांना तारीख खोटी सांगितली होती.”

“काय म्हणता, ताई? आवाज येत नाही.”

“जोऱ्यात सांग,” उस्ताद म्हणाले. “मले आयकू आलं. त्याले नसन आलं.”

शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी तेच वाक्य पुन्हा जोरात सांगितलं.