कमानीची केळ

मंदीच्या त्या साली मी सावद्याच्या स्टेशनात पार्सल कारकून होतो. सरकारचा बडा साहेब येणार म्हणून फलाटावर केळीची कमान उभारली होती. ती दिवसभर ताजी राहावी म्हणून झाडं मुळाच्या कंदासकट खणून आणलेली. साहेब हार घेऊन गाडीने पुढे गेला, तसा पुण्याहून आलेला एक किडकिडीत तरुण कमानीपाशी वाकला. खिशातला चाकू काढून त्याने एक कंद चिरला आणि उजेडाकडे धरला. आत तांबडे डाग होते. त्याने चाकू रुमालाने दोनदा पुसला.

"मर रोग," तो म्हणाला. शेतकी कॉलेजात पदवीनंतर याच रोगावर त्याचं संशोधन चाललं होतं. उपाय हाती येत होता, तोच सरकारने काटकसर म्हणून शिष्यवृत्ती बंद केली.

"सरकारने मला बंद केलं, रोगाला नाही."

माझं डोकं भडकलं. पताकांना पैसा होता, बँडला होता, यालाच तेवढा नव्हता!

एवढ्यात एक म्हातारे शेतकरी कमान सोडवून कंद पाटीत भरू लागले. तरुणाने पाटी दोन्ही हातांनी धरली.

"आबा, हे लावू नका. सगळी बाग मरेल."

आबा हसले. "इतले चांगले कंद फेकून देऊ का, भाऊ? थोडी काटकसर कराले नको?"

तरुणाने पाटी सोडली. आबांवर मी कसा चिडणार? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ज्याने सांगायचं त्याला घरी बसवून सरकार एव्हाना पुढच्या स्टेशनात गळ्यात हार घालून घेत होतं.