माझा आवाज पुसायचा नाही

त्या सकाळी भाजीवाली दारात आली, तेव्हा मी नेहमीसारखा टॅबलेट तिच्यासमोर धरला आणि हिरव्या जुडीचं चित्र असलेला चौकोन दाबला. त्यातून माझा आवाज यायला हवा होता, "सांबार ताजा आहे का वं?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आवाज आला नाही. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि चौकोनांचं ते पान आपोआप मिटलं. मी पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

"राहू द्या बाई, समजली मी," भाजीवाली म्हणाली आणि एक जुडी माझ्या हातात ठेवून गाडी ढकलत पुढे गेली.

तिने चांगुलपणानेच दिली. पण मला जुडी नको होती, मला विचारायचं होतं. आतली पानं पिवळी निघाली असती तर मला ती परत करायची होती. आता कुणीही येऊन माझ्या हातात काहीही ठेवून जाणार आणि मी मान हलवणार, या विचाराने माझं डोकं फिरलं.

मला स्वरपेटी नाही. कर्करोगामुळे ती काढावी लागली. मानेत खाली एक छिद्र आहे, श्वास तिथून चालतो. नागपुरात गळ्याला पट्टी दिसली की लोक पहिला प्रश्न विचारतात, "खर्रा खात होत्या का?" तंबाखू-सुपारीचा तो चुरा मी आयुष्यात तोंडात टाकलेला नाही. सुरुवातीला मी मान हलवून नाही म्हणायची. मग उत्तर देणंच सोडलं. खाल्ला असता तरी विचारणारे ते कोण?

त्याआधी मी सक्करदऱ्याजवळच्या एका शाळेत मराठी शिकवायची. मुलांना प्रमाण भाषा लिहायला लावायची, पण बोलताना माझं मले-तुले कधी सुटलं नाही. एका प्रशिक्षणात बाहेरून आलेल्या एका सरांनी सगळ्यांसमोर हसून विचारलं होतं, "मॅडम, मराठीच्या शिक्षिका आणि 'मले' म्हणता?" मी म्हटलं, "हाव सर. लिहितो आम्ही मला, बोलतो मले. दोन्ही आमचंच आहे."

शस्त्रक्रियेची तारीख ठरली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हा आवाज परत येणार नाही. हैदराबादला नोकरी करणारी माझी मुलगी रजा काढून आली, सोबत हा टॅबलेट घेऊन. त्यात तिने चौकोनांचं एक ॲप बसवलं. प्रत्येक चौकोनात एक चित्र आणि त्यामागे माझ्याच आवाजातलं एक वाक्य. मागच्या खोलीत पंखा बंद करून आम्ही घामाने निथळत बसायचो आणि मी बोलत जायची. दूधवाल्याला काय म्हणते, रिक्षावाल्याला काय म्हणते, नवऱ्याला काय म्हणते.

"काही प्रेमाचं पण बोल ना, आई," मुलगी म्हणाली.

"प्रेमाचं हातानं करता येते," मी म्हटलं. "भांडाले आवाज लागते."

म्हणून त्यात बहुतेक भांडणंच भरली. 'काहून गा, रस्ता काय तुह्या एकट्याचा आहे?' 'नाई म्हटलं म्हणजे नाई.' 'मी बोलून राहिली, मधात बोलू नका.' गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दवाखान्याने नंतर दिलं होतं. त्यातून मधमाशा गुणगुणल्यासारखा आवाज निघायचा. मी ते कपाटात ठेवलं आणि चौकोनांवर घर चालवलं.

आता चौकोन मुके झाले होते. आदल्या संध्याकाळी टॅबलेट चार्जिंगला लावला होता, तेव्हा त्याने स्वतःच नवी आवृत्ती बसवून घेतली होती. पडद्यावर तसं अभिमानाने लिहिलंही होतं. अक्षरं बदलली होती, रंग बदलले होते, घड्याळ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलं होतं. यातलं काहीही मी मागितलं नव्हतं.

नवऱ्याने तो बंद करून सुरू केला. मग पूर्ण बंद ठेवून, चहा पिऊन, पुन्हा सुरू केला. मी नको असलेले फोटो काढून जागा मोकळी केली. काही फरक नाही. मुलीला व्हिडिओ कॉल लावला. ती बोलायची, मी लिहून दाखवायची.

तिने तिकडे शोधाशोध केली आणि तिचा चेहरा उतरला. "आई, ते ॲप बनवणाऱ्यांनी बंद करून टाकलं आहे. नव्या आवृत्तीवर ते चालत नाही. तू काहीही कर, पण ॲप काढून टाकू नको. काढलं तर रेकॉर्डिंगपण जाईल कदाचित."

"तुझ्याकडे दुसरी प्रत?" मी लिहिलं.

ती खाली बघत राहिली. प्रत नव्हती. त्या आठवड्यात आम्ही सगळे शस्त्रक्रियेच्या चिंतेत होतो, प्रतीचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी तिला रागावले नाही.

तोवर काम भागावं म्हणून मी टाइप करून टॅबलेटमधल्या यंत्राच्या बाईला वाचायला लावलं. तिचा आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा होता. त्यातही अपडेटनंतर कीबोर्ड नवा आला होता आणि त्याला माझी भाषा मान्य नव्हती. मी 'मले' लिहिलं की तो 'मला' करायचा. 'का' या अर्थाचं आमचं 'काहून' लिहिलं की 'काढून'. मी खोडून पुन्हा लिहायची, तो पुन्हा सुधारायचा. शेवटी मी सेटिंगमध्ये शिरून त्याची सुधारणा करायची सवयच बंद केली. या सगळ्या लढाईतला तो माझा पहिला विजय. छोटा होता, पण त्याने हुरूप आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बर्डीच्या बाजारातल्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या तरुणाने टॅबलेट हातात घेतला, इकडेतिकडे बोट फिरवलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाला, "सर, रीसेट माराले लागते. एकदम नवीन होऊन जाईल."

मी सोबत नेलेल्या पाटीवर लिहिलं, "रेकॉर्डिंगचं काय?"

त्याने वाचलं आणि उत्तर पुन्हा नवऱ्यालाच दिलं. "सगळा डेटा जाईल, सर. मॅडमले समजावा."

मी काउंटरवर टिचकी वाजवली. पाटी पुसून लिहिलं, "फाइली आत आहेत की गेल्या?"

"असतीन आंटी, पण निघणार नाई त्या," तो मोठ्याने म्हणाला, मी बहिरी असल्यासारखा.

"बघितलं का तुम्ही?"

"बघाची गरज नाई. असे रोज येतात."

मी मोठ्या अक्षरात 'नाही' लिहिलं आणि टॅबलेट त्याच्या हातातून काढून पिशवीत टाकला. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "अवं, दुसरा घेऊन टाकू. नव्या आवाजाची सवय होऊन जाईल."

मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तिथेच रिक्षाला हात केला.

मग मी घरी जेवणाच्या टेबलाशी ठाण मांडलं. नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर आणला, टॅबलेट केबलने जोडला. कॉम्प्युटरला तो दिसेचना. इंटरनेटवर लोकांनी लिहिलेले सल्ले मी वाचत गेले. हिंदी, इंग्रजी, जे सापडेल ते. निम्मे निरुपयोगी होते आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच, रीसेट करा. एकाने मात्र लिहिलं होतं की काही केबल फक्त चार्जिंगपुरत्याच असतात. घरातल्या सगळ्या केबल काढून मी एकेक लावून बघितली. कॅमेऱ्याच्या जुन्या डब्यातली एक लागली. टॅबलेटवर बारीक अक्षरात विचारणा आली, फक्त चार्जिंग की फाइली पाठवायच्या? मी फाइली निवडल्या आणि कॉम्प्युटरवर टॅबलेटचं पोट उघडलं.

आत कप्प्यांत कप्पे. बंद पडलेल्या त्या ॲपच्या नावाचा एक कप्पा होता. त्यात फाइली होत्या, पण नावांच्या जागी नुसते आकडे. उघडायला गेलं की कॉम्प्युटर म्हणे, हे काय आहे ते मला कळत नाही. नवरा मागे उभा राहून म्हणाला, "कचरा दिसते हा."

मी त्याला फाइलींच्या पुढचा रकाना दाखवला. तिथे प्रत्येकीचा आकार लिहिलेला होता. रिकाम्या फाइलीचा आकार शून्य असतो. यांचा नव्हता. म्हणजे आत काहीतरी होतं.

आधी मी सगळा कप्पा उचलून कॉम्प्युटरवर उतरवला, मग पेनड्राइव्हवर, मग मुलीला पाठवला. तेव्हा कुठे पाठ टेकली.

अडचण कुठे होती ते दुपारी, नवरा आतल्या खोलीत पडला असताना लक्षात आलं. कॉम्प्युटरवरच्या गाण्यांच्या फाइलींच्या नावाला शेवटी एक शेपूट असतं. टिंब आणि दोन-तीन इंग्रजी अक्षरं, त्यावरून कॉम्प्युटर ओळखतो की हे गाणं आहे. माझ्या फाइलींना शेपूटच नव्हतं. मी एका फाइलीला एक शेपूट लावलं, चाललं नाही. दुसरं लावलं, चाललं नाही. तिसरं लावलं आणि कॉम्प्युटरच्या दोन्ही बाजूंच्या डब्यांतून मी खणखणीत ओरडले, "ओला टॉवेल पलंगावर काहून टाकता जी?"

"उचलतो, उचलतो," आतून नवऱ्याचा झोपाळलेला आवाज आला.

मग चपला न घालता तो दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात टॉवेल होता.

मी पुढची फाइल लावली. आणि त्यापुढची. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं माझी भांडणं ऐकत बसलो. कुठे मधेच खोकला होता, कुठे कुकरची शिट्टी, एका ठिकाणी वाक्य अर्ध्यात सोडून मी आणि मुलगी हसत होतो आणि ते हसूही आत राहिलं होतं. मी नवऱ्याकडे बघितलं नाही, त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

सगळ्या फाइली बचावल्या नाहीत. थोड्या फाइलींनी कोणतंच शेपूट घेतलं नाही. मुलीने तिकडे तिच्या ऑफिसातल्या जाणकारांना दाखवल्या, पण त्या मोडल्याच होत्या. त्यात मुलीला मारलेली हाक होती. मी चिडले. रडायला येईल असं वाटत होतं, आला तो रागच. एका रात्रीत कुणी तरी दूर बसून ठरवतं की तुमचं जुनं झालं, आणि तुमची लेकीला मारलेली हाक जाते. तक्रार लिहून कंपनीला पाठवली. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

"जाऊ दे आई," मुलगी फोनवर म्हणाली. "तू फोनवर बोटानं ठोक. मी समजेन तू आहेस." तेव्हापासून मी ठोकते.

तिने चौकोनांचं दुसरं ॲप शोधलं. त्यात आम्ही एकेक वाक्य पुन्हा भरलं आणि आपोआप अपडेट होण्याची सोय बंद केली. भाजीवाली आली तेव्हा मी तिच्याशी नीट हुज्जत घातली. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आली का तुमची मशीन जाग्यावर? मले वाटलं, सुटली मी."

त्यानंतरच्या तपासणीला दवाखान्यात गेले, तेव्हा ओळखीच्या सिस्टरने मला बाजूला बोलावलं. सावनेरकडचे एक गृहस्थ दाखल झाले होते. कोळशाच्या खाणीत काम करून निवृत्त झालेले, माझ्यासारखीच शस्त्रक्रिया होणार होती. दोन दिवसांपासून ते कुणाशी बोलतच नव्हते. "जराशा भेटता का?" सिस्टर म्हणाली.

ते वॉर्डाबाहेरच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. शेजारी त्यांची बायको होती. मी बसले आणि चौकोन दाबला. "काहून गा, रस्ता काय तुह्या एकट्याचा आहे?"

ते दचकून वळले. माझ्या गळ्याकडे बघितलं, टॅबलेटकडे बघितलं.

"हा तुमचाच आवाज आहे?" त्यांनी विचारलं. त्यांचा स्वतःचा आवाज घोगरा होता पण प्रचंड होता. खाणीत यंत्रांच्या वर बोलायची सवय असणार.

मी मान हलवली. मग टाइप केलं आणि यंत्राच्या बाईने वाचून दाखवलं, "उद्यापासून नाही, आत्तापासून रेकॉर्ड करा. आणि तीन ठिकाणी ठेवा. एकाच यंत्रावर विश्वास ठेवू नका."

"काय बोलू पण?" ते म्हणाले. "मले काही सुचून नाई राहिलं."

त्यांची बायको म्हणाली, "दोन दिवस झाले, माह्याशीपण बोलले नाई हे."

मी टाइप केलं, "रोज जे बोलता ते. हाका मारा. शिव्यापण भरा. लागतात."

बाईचा तो बातम्यांचा आवाज 'शिव्यापण भरा' म्हणाला, तेव्हा त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. बायकोने पिशवीतून मोबाइल काढला, मी तिला लाल टिंब कुठे असतं ते दाखवलं आणि तिने ते दाबून फोन त्यांच्या तोंडासमोर धरला.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि जी पहिली शिवी घातली ती सगळ्या व्हरांड्यात घुमली. वॉर्डातून एक आया धावत आली. "काका, हळू. दवाखाना आहे हा."

मी उठून तिच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिले. चौकोन दाबला, "मी बोलून राहिली, मधात बोलू नका." आया थबकली. मी मागे वळून त्यांना हातानेच खूण केली, चालू द्या. ते पुढचं बोलायला लागले, पहिल्यापेक्षा मोठ्याने.