सांगितली की द्यायची

खर्रर्र... मग एका बाईचं हसणं, आणि मग रेकॉर्ड संपून सुईची खट्, खट्. मरोळ गावात पास्कलच्या खिडकीखालून कारखान्यात जाताना मी हे ऐकायचो. त्याला किती वर्षं झाली. रेकॉर्डवर धूळ बसते तसे आमचे किस्से जमलेत. पुसायला गेलं की आणखी चिकटतात. काहींवर अजून हसू येतं. देसाईचं नाव निघालं की मात्र आजही डोकं तापतं.

आम्ही चौघे. मी लेथवर, पास्कल वेल्डिंगला, सावंत पॅकिंगमध्ये, देसाई स्टोअरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडता उघडता एकच प्रश्न, "काल घरी काय लावलंस?" ज्यानं त्यानं ऐकलेली रेकॉर्ड सांगायची. नियम असा, की सांगितलेली रेकॉर्ड कुणी मागितली तर नाही म्हणायचं नाही.

पास्कल रोज म्हणायचा, "काय नाय लावली रे."

मी खिडकीतून ऐकलेलं असायचं. पण कशाला बोलू?

*

सावंतानं देसाईला भजनांची एलपी दिली. देसाईनं परत आणली तेव्हा तिच्यावर आमटीचे ठिपके वाळले होते. सावंत मालवणचा. नखानं एक ठिपका खरवडून बघितला.

"मेल्या, ऐकूक दिलंय, जेवूक नाय."

देसाई म्हणाला, "प्रसाद समज."

*

माझी नाट्यपदांची एलपी देसाईनं मे महिन्यात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. उन्हानं ती पापडासारखी वाकली. घरी लावली तर बुवा होडीत बसून गातायत असं वाटे.

दुसऱ्या दिवशी मी जाब विचारला. देसाई म्हणाला, "त्यात काय? तान जरा लांबली."

मी मुळात सावकाश बोलणारा. तोंडावर मारण्यासारखं उत्तर सुचलं, तेव्हा सुट्टी संपून सगळे मशीनवर गेले होते. ते उत्तर अजून माझ्याकडेच आहे.

*

मग देसाईनं रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन घेतला. "तुमच्या रेकॉर्डची आता वाट लागली," म्हणाला. पण मागायचं काही सोडलं नाही. आमच्या रेकॉर्ड लावायचा आणि समोर टू-इन-वन ठेवून कॅसेट भरायचा.

एकदा ती कॅसेट मोठ्या ऐटीत कारखान्यात लावली. गझल रंगात आली, तोच कुकरची शिट्टी. पाठोपाठ त्याची बायको, "अहो, दूध उतू चाललंय, बहिरे झालात का?"

सावंत म्हणाला, "ह्येची रेकॉर्ड खंय मेळतली?"

*

असं हसण्यावारी गेलं, तेच वाईट झालं. एक दिवस देसाई पास्कलच्या मागे लागला. "काय रे, प्लेयर विकलास काय? का नुसतं झाकण पुसतोस?"

पास्कलनं भाकरी खाली ठेवली.

"लावतो ना. रोज एकच. आमच्या गावच्या लग्नाची गाणी. गाववाल्यांनी मिळून काढलेली, आता कुठं मिळत नाय. मारिया आहे कोरसात. सगळ्या बायका एकदम गातात, तिचा आवाज नाय कळत. पण शेवटचं गाणं संपल्यावर कोण तरी हसते. ती मारिया."

त्याची बायको मारिया जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. 

देसाईनं तोंड पुसलं. "उद्या घेऊन ये."

"देसाई, ही रवांदे, मागू नको," सावंत म्हणाला.

"का? नियम सगळ्यांना सारखा."

पास्कलनं ती दुसऱ्या दिवशी आणली. मारियाच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून.

पुढे पास्कल रोज रेकॉर्डबद्दल विचारायचा. देसाई म्हणायचा, "ऐकतोय रे, पळून जाते काय?"

*

देसाईनं दहिसरला ब्लॉक घेतला आणि सत्यनारायणाला आम्हाला बोलावलं. टीव्हीवर, टीपॉयवर काळ्या वाट्या मांडलेल्या, फुलासारख्या कडा दुमडलेल्या. कुणी चिवडा खात होतं, कुणी वेफर्स.

देसाईची बायको कौतुकानं सांगत होती, "घरीच केल्यात. रेकॉर्ड गरम पाण्यात टाकायची आणि पातेल्यावर दाबायची. आता ऐकतं कोण त्या?"

पास्कल टीपॉयपाशी उभा होता. समोरच्या वाटीतले वेफर्स संपत आले होते आणि तळाशी गोल कागद दिसत होता. त्यावर त्याच्या गावाचं नाव.

देसाई पुढे झाला. "अरे, तुला सांगणारच होतो. कॅसेट भरून ठेवलीय मी. शेवटचं जरा राहिलं, टेप संपली. पण गाणी सगळी आहेत."

पास्कलनं उरलेले वेफर्स ताटलीत काढले. रुमालानं वाटी आतून पुसली, रेघांच्या दिशेनं, गोल गोल. मग दोन्ही तळव्यांत धरली, रेकॉर्ड धरतात तशी, फक्त कडेनं, मध्ये बोट लागू न देता. पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरून गेला.