पंधरा दिवसांचा पाहुणा

त्या हिवाळ्यात माझी एक नोकरी सुटली होती आणि दुसरी महिन्याभरानं सुरू होणार होती. मधला तो रिकामा महिना रस्त्यात सापडावा तसा मला सापडला. बायको सकाळी कॉलेजात शिकवायला जायची, ती उन्हं उतरल्यावरच परत यायची. दिवसभर घरात मी, साडेतीन वर्षांची मुलगी, नुकताच पावलं टाकायला लागलेला मुलगा आणि अर्धवट पाडलेलं स्वयंपाकघर.

आमचं रो-हाऊस जुनं. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत काढायची, नवा ओटा बांधायचा, फरशी बदलायची, एवढंच ठरलं होतं. मिस्त्री शहागंजच्या मागच्या गल्लीत राहायचे. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल, आणि बोलणं निम्मं मराठी, निम्मं दखनी. मी त्यांना चाचा म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या घरावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "पंधरा दिवस धरा साहेब. जास्त नक्को."

आम्ही चौघं पुढच्या खोलीत गोळा झालो. पलंगाच्या पायथ्याशी फ्रीज, खिडकीखाली गॅसची शेगडी, दारामागं तांदळाचा डबा. मधल्या दाराला चाचांनी प्लास्टिकचा मोठा पडदा ठोकला होता. सकाळचं ऊन मागच्या खिडकीतून त्या पडद्यावर पडायचं आणि आमची खोली पाण्याखाली गेल्यासारखी व्हायची. पडद्यापलीकडं चाचांची सावली वाकायची, उठायची. अलीकडं पोरगं त्या सावलीला हात लावायला जायचं. सगळ्या वस्तूंवर धुळीचा बारीक थर. चहाच्या कपावर, मुलांच्या पापण्यांवरसुद्धा. मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, आपलं घर म्हातारं झालं." आणि एकदा म्हणाली की चंद्र दिवसा फ्रीजमध्ये राहतो. मी म्हटलं, व्हय, राहत असेल.

अशात समोरच्या घरातली मुलगी एका सकाळी फाटकाशी आली. ती जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकत होती आणि रस्त्यावर जखमी झालेली कुत्री-मांजरं उचलून आणायची. तिच्या ओढणीत काहीतरी हलत होतं.

"दादा, पंधराच दिवस," ती म्हणाली. "मागच्या पायाला लागलंय. माझ्याकडं आधीच तीन आहेत, ती याला जवळ येऊ देईनात. तोवर मी याला कायमचं घर शोधते."

मी ओढणीत बघितलं. कुत्र्याचं पिल्लू. मुठीएवढं डोकं, तपकिरी रंग, मागच्या पायाला पांढरी पट्टी. माझ्या तोंडून नाही निघायला हवं होतं. पण माझ्या कडेवरच्या पोरानं तोवर हात पुढं करून त्याचा कान धरला होता, आणि त्या पिल्लानं डोळे मिटून घेतले होते, जणू हा कान याच कामासाठी होता.

संध्याकाळी बायकोनं दारातच पिशवी खाली ठेवली. "दोन लेकरं, मिस्त्री, सिमेंट, आणि आता हे?"

"पाहुणा आहे," मी म्हटलं. "पंधरा दिवसांचा."

"आपल्याकडं सध्या सगळंच पंधरा दिवसांचं आहे," ती म्हणाली. पण रात्रीच्या भातातला दूध कालवलेला एक घास तिनं आपणहून बाजूला काढला. मुलीनं 'पाहुणा' हा शब्द उचलला आणि तेच त्याचं नाव झालं.

पाहुणा आणि पोरगं एकाच वेळी चालायला शिकत होते. एक तीन पायांवर, एक दोन पायांवर, आणि दोघंही वळताना पडायचे. दोघांनाही शू कुठं करायची ते कळत नव्हतं. मी एक फडकं घेऊन दोघांच्या मागं फिरायचो, आणि काही वेळा नेमकं कुणाचं पुसतोय हे मलाही कळायचं नाही. आमच्या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. भरून ठेवलेल्या पिंपातलं पाणी चाचांच्या सिमेंटला, लेकरांच्या अंघोळीला आणि या फडक्याला पुरवायचं, ही माझी सगळ्यात मोठी नोकरी होती.

फरशी कापायचं मशीन सुरू झालं की तिघंही घाबरायचे आणि पलंगाखाली जायचे. मग मीही जायचो. तिथं आम्ही चौघं पोटावर पडून राहायचो. मशीनचा आवाज वरून जायचा, लांबच्या विमानासारखा. पाहुण्याचा श्वास माझ्या मनगटावर लागायचा. मुलगी त्याला हळू आवाजात समजावायची, "भिऊ नको, चाचा बिस्किट कापतायत." तिला सगळ्या फरश्या बिस्किटं वाटायच्या.

दुपारी जेवणं झाली की मी गादी जमिनीवर टाकायचो आणि सगळे झोपायचे. मी जागा राहायचं ठरवायचो आणि मलाही झोप लागायची. तशी दुपारची झोप मला नंतर कधीच मिळाली नाही. पडद्यापलीकडं थापीचा आवाज, विटेवर एक टपली, मग सिमेंटचा मसाला पसरल्याचा ओला आवाज. मधे कधी तरी गल्लीतून भाजीवाला जायचा. जागेपणी काय ऐकलं आणि स्वप्नात काय, ते वेगळं काढता यायचं नाही.

असंच बारा-तेरा दिवस गेले. ओटा उभा राहिला. तो इंग्रजी एल आकाराचा होता, आणि दोन बाजू मिळतात तिथं खाली एक अंधारी जागा उरत होती. हात पोचत नाही, झाडता येत नाही. चाचा म्हणाले, "ही जागा विटांनी बंद करून टाकू साहेब. नाहीतर झुरळं होतील." मी हो म्हटलं. सकाळी त्यांनी दोन थर लावले, मग जेवण आणि नमाजासाठी गेले. आम्ही जेवलो, झोपलो.

मशीनच्या आवाजानं जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन पिवळं झालं होतं. पोरगं त्याही आवाजात माझ्या पोटावर पाय टाकून झोपलेलं. मुलगी उठून बसलेली. गादीवरची पाहुण्याची जागा रिकामी होती.

मी पलंगाखाली बघितलं, फ्रीजमागं, न्हाणीत. मग पडदा बाजूला करून स्वयंपाकघरात गेलो. चाचा कधीच परत येऊन कामाला लागले होते. मशीनवर फरशी कापत होते, धुळीत त्यांचं तोंडही दिसत नव्हतं. "पिल्लू दिसलं का?" मी ओरडून विचारलं. त्यांनी मशीन बंद न करताच मान हलवली. नाही.

मग मी पुढं आलो आणि बघितलं की फाटक सताड उघडं आहे. दुपारी वाळूचा टेम्पो येऊन गेला होता, त्यानंच उघडं टाकलं असणार.

मी पोराला उचललं, मुलीचं बोट धरलं आणि तसाच अनवाणी बाहेर पडलो. गल्लीच्या टोकाशी मोठा रस्ता आहे. रिक्षा, ट्रॅव्हल्सच्या बसेस. मी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारलं, इस्त्रीवाल्या बाईंना विचारलं, गाड्यांच्या खाली वाकून बघितलं. समोरची मुलगी आवाज ऐकून धावत आली आणि दुसऱ्या दिशेनं गेली. तिला तोंड कसं दाखवायचं हे मला समजत नव्हतं. एक महिना मोकळा मिळाला, करायचं काय होतं, तर तीन जीव सांभाळायचे होते, आणि मी झोपलो.

आमची मुलगी माझा हात ओढत होती. "बाबा, पाहुणा भिंतीत आहे."

"थांब जरा, बाळा."

"तो भिंतीत झोपलाय. मी बघितला."

"ह्यॅं! भिंतीत कुणी झोपतं का?" मी जरा जोरातच म्हटलं असेन, कारण तिचा खालचा ओठ थरथरला. फ्रीजमध्ये चंद्र ठेवणाऱ्या पोरीचं त्या वेळी कोण ऐकतं? आम्ही रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो. अर्धा तास तरी गेला असेल.

घरी आलो तेव्हा मशीन बंद होतं. चाचा पायरीवर बसून हात धूत होते. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना कळलं. मुलगी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. रडत नव्हती. फार गंभीर होती.

"चाचा, तुम्ही पाहुण्याला भिंतीत ठेवलं."

मी म्हटलं, "ऐकू नका हो, ती काहीही बोलते."

चाचांनी माझ्याकडं बघितलंच नाही. हातातला तांब्या त्यांनी हळूच खाली ठेवला. "बच्ची झूठ नै बोलती साहेब," ते म्हणाले आणि उठले.

स्वयंपाकघरात त्यांनी ओट्याखालच्या त्या नव्या विटांना कान लावला. मीही गुडघ्यांवर बसलो. कधी नव्हे तेवढी शांतता होती. मग आतून आवाज आला. रडल्याचा नाही, ओरडल्याचा नाही. कुणी झोपेत कूस बदलावी तसा, विटेला नखं घासल्याचा.

"या अल्लाह," चाचा म्हणाले.

त्यांनी हातोडी घेतली नाही. मसाला अजून ओला होता. बोटांनीच त्यांनी वरची वीट हलवली, काढली, मग दुसरी, तिसरी. सकाळचे दोन थर ओलांडून पाहुणा त्या अंधारात झोपायला गेला होता. चाचांनी परत येऊन आत न बघता बाकीचे थर लावले, आणि मग मशीनच्या आवाजात त्याचं कुईकुई कुणाला ऐकू आलं नाही. मुलीला तेवढी मधेच जाग आली होती. पडदा उचलून तिनं त्याला आत शिरताना बघितलं आणि परत येऊन झोपली. झोपायला जाणाऱ्याला कोण कशाला अडवेल?

चाचांनी दोन्ही हातांनी त्याला बाहेर काढलं. नाकापासून शेपटीपर्यंत राखाडी झाला होता. तो एकदा शिंकला, मग लांब जांभई दिली. पोरगं टाळ्या वाजवायला लागलं. मला हसू फुटलं.

चाचा तसेच खाली बसले, पिल्लू मांडीवर घेऊन. बराच वेळ त्याच्या पाठीवरचं सिमेंट ओल्या बोटांनी पुसत राहिले. "चाळीस साल भिंती बांधल्या साहेब," ते म्हणाले. "आत बघायचं असतं, हे आज कळलं."

त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "चूक माझी आहे, चाचा. मी झोपलो होतो." ते म्हणाले, "झोपला तर झोपला. लेकरं लहान आहेत तोवर झोपायचं." मग मुलीकडं वळून त्यांनी तिची रीतसर माफी मागितली. तिनंही रीतसर मान डोलावली. मलाही मागायला हवी होती. मी ती मागितली. ती म्हणाली, "असू दे."

समोरच्या मुलीला हाक मारून पिल्लू दाखवलं, आणि संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती पिल्लाला मांडीवर घेऊन कितीतरी वेळ पडद्याजवळ बसली. मग मुलीला म्हणाली, "तू काय सांगशील ते आम्ही आधी ऐकू हं." हे पाळणं पुढं लई अवघड गेलं, पण ते वेगळं.

पंधराचे बावीस दिवस झाले. फरशी बसली, पडदा निघाला, आणि खोली एकदम साधी, मोठी दिसायला लागली. पाहुण्याच्या पायाची पट्टीही सुटली. समोरच्या मुलीला त्याच्यासाठी घर मिळालं होतं, दौलताबादजवळ पेरूची बाग असलेलं एक जोडपं. माझी नवी नोकरी सुरू व्हायच्या आदल्या रविवारी आम्ही सगळे त्याला पोचवायला गेलो. गाडीत तो आणि पोरगं एकमेकांवर झोपले. बागेतल्या काकूंनी त्याला उचललं, तेव्हा मुलीनं विचारलं, "आता तो तुमचा पाहुणा?"

"नाही गं," काकू म्हणाल्या. "आता घरचाच."

मुलगी विचारात पडली. परतताना पोराला जाग आली, त्यानं शेजारी हात फिरवला आणि तो हात तसाच सीटवर ठेवून बाहेर बघत राहिला. बायकोनं आणि मी एकमेकांकडं बघायचं टाळलं.

वर्षभरानं आम्ही त्या बागेत पुन्हा गेलो. मोठा, दणकट कुत्रा झाडांतून धावत आला आणि आमच्यावर भुंकायला लागला. मुलगी माझ्या मागं लपली. "कुणाचा आहे तो?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिला काहीच आठवत नव्हतं. पडदा नाही, बिस्किटाच्या फरश्या नाहीत, भिंत नाही. पोराला तर आठवायचा प्रश्नच नव्हता. त्या सगळ्या दुपारी आता माझ्या एकट्याकडं होत्या.

काकूंनी मीठ लावलेल्या पेरूच्या फोडी आणल्या. कुत्रा हळूहळू शांत झाला. जवळ येऊन त्यानं माझा बूट हुंगला, थोडा वेळ उभा राहिला, आणि पुन्हा झाडांत निघून गेला.