आजीच्या हळदीच्या धवल्यासाठी बाळकुमहून शहाडला

माझ्या बहिणीचं, सोनीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं आणि धवलारीण ठरत नव्हती. आम्हा आगऱ्यांत तिच्याशिवाय लग्न लागत नाही. ती मांडवात बसून धवले गाते, एकेका विधीला एकेक गाणं. आमच्या बाळकुमात इतकी वर्षं ते काम माझी आजी करायची, आयची आय. आणि आजी शिमग्यानंतर गेली.

बाबा बोलला, "दुसरी कोणपन गाईल."

आय भाकरी थापत होती, ती थांबली. "माज्या सोनीला बयच्याच धवल्यानं हलद लागंल. नायतर लगीन ऱ्हाऊ द्या." आजीला ती बय म्हणायची. बाबा गुपचूप अंगणात जाऊन बसला.

तरणेपणी आजीच्या जोडीला गाणारी मंजुलाबाय लग्न होऊन शहाडला गेलेली, एवढं आयला ठाऊक होतं. ती जिवंत आहे का, तेसुद्धा माहीत नव्हतं. तरी आय आणि मी निघालो.

तुम्हाला जायचं असेल तर बाळकुमच्या बंदरावर भरती लागायच्या आधी येऊन बसा. होडी पाण्याबरोबर वर चढते, कोणासाठी थांबत नाही. माणशी दोन आणे घेतात, आयनं घासाघीस करून दोघांचे तीन केले. आगगाडीनं लवकर पोचलो असतो, पण आय आगगाडीत पाय ठेवत नाही.

होडी हाकणारा तांडेल मला सारखा "ए माकडा, बस खाली" म्हणत होता. म्हणून मी त्याच्या मुंडाशात मागून एक सुका बोंबील खोचला. मुंब्र्यापर्यंत कावळे त्याला सोडेनात. तो वल्हं फिरवून त्यांना शिव्या देत होता आणि आय पदर तोंडात कोंबून बसलेली.

मुंब्र्याच्या डोंगराखालून आगगाडी गेली तशी आय बोलायला लागली. "पयली गाडी आली तवा बय मिठागरात होती. मी तिच्या पाठीला बांदलेली. तिला वाटलं रान पेटलं. मिठाची पाटी टाकून जी धावली ती घरात! मुकादमानं दिसाची मजुरी कापली. दुसऱ्या दिशी बयनं भर मिठागरात त्याच्या नावाचं गानं म्हटलं."

"मग?"

"मग काय, मुकादमच पलाला."

आजोबा लवकर गेले. आजीनं दिवसा मीठ ओढलं, लग्नसराईत धवले गायले आणि तेवढ्यावर आयला वाढवलं. गाण्याबद्दल तांदूळ, नारळ, कधी लुगडं मिळायचं. मी झाल्यावर नारळाचं खोबरं आधी माझ्या हातावर, मग देवाला. त्यावरून आय तिच्याशी भांडायची.

कल्याणच्या बंदरावर उतरलात की डाव्या हाताला एक बाई कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी देते. कालवण परत मागितलं की ओरडते, पण वाढते. पोटभर खाऊन घ्या. पुढं शहाडपर्यंत गाडीवाट आहे, नुसता फुफाटा, सावलीला झाड मिळेल तर शपथ. आम्ही चालतच गेलो. आय वाटभर एकच म्हणत होती, "असूंदे रे देवा, म्हातारी असूंदे."

म्हातारी होती! पडवीत चिंचोके फोडत बसलेली. आयला येताना बघून बोलली, "गोमीची पोर ना तू? चाल तीच, म्हशीसारखी." गोमी म्हणजे आजी. आजी गेल्याचं आयनं सांगितलं, तेव्हा तिनं हातातला दगड खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

लग्नाला यायला ती लगेच तयार झाली. पण हळदीचा धवला विचारल्यावर मान हलवली. "त्यो गोमीनं मागनं जुलवला. मी इकडं आल्यावर. मला नाय ठावा."

आयनं स्वतःच गुणगुणून बघितलं. तिला चाल येत होती, पण शब्द येईनात. दर लग्नात ती मागच्या दारी जेवणावळीचं बघत असायची.

मला येत होता. पण सांगू कसा? पोरांना हसवायला मी आजीची नक्कल करायचो, तिच्यासारखं नाकातून, मान डुलवत. आयचा चेहरा बघवेना. मी डोळे मिटले आणि तसंच नाकातून सुरू केलं,

"हलद दललीन गो, आयचे हातान,
हलद भिजली गो, खारीचे वाऱ्यान,
उठ मेल्या पाटावरनं,
हलद चढली गो, लेकीचे गालान..."

डोळे उघडले तर आयनं मला मारायला हात उचललेला. तो तसाच वर राहिला आणि ती रडत होती.

मंजुलाबायनं विचारलं, "ह्यो 'उठ मेल्या' धवल्यात हाय?"

"आजी दर वेळी तिथंच म्हणायची," मी बोललो.

"तुला म्हनायची, गाढवा!" आय ओरडली. "दर लग्नात नवरीच्या पाटावर जाऊन बसायचास!"

मला खरंच माहीत नव्हतं. मी आपला सगळं एकत्र पाठ केलेलं.

"मग काढू त्ये?" मंजुलाबाय म्हणाली.

आयनं नाक पुसलं. "नको. बय तशीच म्हनायची. तसंच म्हन."

दुसऱ्या दिवशी ओहोटीबरोबर तिघं परत आलो. होडीत म्हातारी घोकत होती. तांडेल मुंडासं मांडीखाली दाबून बसलेला.

हळदीच्या दिवशी मंजुलाबाय गायला लागली. 'उठ मेल्या' तिनं असं काही खणखणीत म्हटलं की सोनी दचकून पाटावरनं उठलीच. हळदीची वाटी घेतलेल्या बायका थांबल्या, एकमेकींकडे बघितलं. पुढची ओळ आली तशी सोनी लाजून परत बसली. आय यावेळी मागच्या दारी नव्हती, पुढ्यातच होती. लेकीच्या गालाला पहिली हळद तिनंच लावली.

या गोष्टीला तीन लग्नसराया झाल्या. मंजुलाबाय शहाडला तोच धवला गाते. त्या ओळीला नवरी पाटावरून उठते आणि परत बसते. हे तिकडं आता सगळे करतात. गेल्या साली मी तिथं एका लग्नाला गेलेलो, मुद्दाम एका म्हातारीला विचारलं, "नवरी उठली कशाला?"

ती माझ्यावरच डाफरली, "रीत हाय ती! जुनी!"

आय शेजारीच होती. तिनं मला करकचून चिमटा काढला.